आरोपी खरं बोलतोय

नाटकाला जाताना कुणी रुमाल नेतं, कुणी पाण्याची बाटली. डभोईतले एक निवृत्त काका पुस्तक नेतात. समोर जे नाटक चालू असेल त्याचीच छापील प्रत. पहिल्या रांगेत बसायचं, मोबाइलच्या उजेडात एकेका संवादावर बोट ठेवायचं, रंगमंचावरून तो बरोबर आला की समासात लाल पेन्सिलीनं टिक करायची आणि चुकला की मोठ्यानं 'च्च' करायचं. त्यांची सगळी नोकरी बँकेत लेजर जुळवण्यात गेली. मूळ नोंद आणि तिची नक्कल यांत फरक दिसला की त्यांना रात्री झोप लागत नाही.

एका आगाऊ मुलानं विचारलं होतं, "काका, पुस्तकच वाचायचं तर घरी का नाही वाचत?"

"घरी टिक कशाच्या समोर करू?" काका म्हणाले. मुलाकडे उत्तर नव्हतं.

तर यंदा गणपतीत मराठी मंडळानं विद्यार्थ्यांचं नाटक बसवायचं ठरवलं आणि काकांनी पेन्सिलीला टोक काढलं. डभोई बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवर. गायकवाडांच्या काळापासूनची काही मराठी घरं अजून टिकून आहेत. मुलं आजीशी मराठीत, मित्रांशी गुजरातीत आणि बाबांशी शक्यतो बोलतच नाहीत. बडोद्यानं 1909, 1921, 1934 आणि 2018 असं चार वेळा मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. डभोईकरांना एक चाळीस मिनिटांचं नाटक उभं करायचं होतं, आणि ते काम संमेलनापेक्षा अवघड आहे हे पहिल्याच बैठकीत कळलं.

पहिली सूचना अस्सल गावातली आली. हिरा भागोळीची दंतकथा. किल्ल्याचं हे देखणं दार बांधणाऱ्या हिराधर नावाच्या कारागिरानं म्हणे किल्ल्याचेच दगड गुपचूप पळवून प्रेयसीसाठी तलाव बांधला, ते उघडकीला आलं आणि राजानं त्याला भिंतीत चिणलं. चोरी, लपवाछपवी, प्रेम, शिक्षा, सगळं तयार. "पण चिणायला मुलगा कुणाचा देणार?" सेक्रेटरींनी विचारलं. बैठकीला आलेल्या सगळ्या आया एकदम मोबाइलमध्ये बघू लागल्या.

मग इतिहास निघाला. 1731 साली इथेच, डभोई आणि भिलापूरच्या मधल्या भागात, पहिल्या बाजीरावानं सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला आणि दाभाडे मारले गेले. दोन्हीकडे मराठी माणसंच, म्हणजे भाषेची अडचण नाही. अडचण अशी की बाजीराव व्हायला मंडळातली झाडून सगळी मुलं तयार होती आणि त्र्यंबकराव व्हायला एकही नाही. शिवाय लढाईची तारीख 1 एप्रिल. एक सभासद म्हणाले, "या तारखेला कुणीही मेला म्हणून सांगितलं तर पब्लिक विश्वास ठेवणार नाही."

गोगोलच्या 1836 सालच्या नाटकावरून पु. लं.नी केलेलं 'अंमलदार' सुचवलं गेलं आणि तसंच खाली बसवलं गेलं, कारण प्रमुख पाहुणे म्हणून सरकारी अधिकाऱ्यालाच बोलावणं गेलं होतं. हरिश्चंद्राचा विषय निघाला तेव्हा एक आजोबा भरून आले. गांधीजींनी राजकोटला लहानपणी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि नंतर ते मनातल्या मनात असंख्य वेळा केलं, असं आत्मकथेत लिहून ठेवलंय, ही आठवण त्यांनी करून दिली. "मनातल्या मनात केलं ते बरं केलं," खजिनदार म्हणाले. "आपल्याला लाइटवाल्याला पैसे द्यावे लागतात."

सत्याचा खर्च परवडत नाही म्हटल्यावर असत्याकडे वळणं ओघानंच आलं. काकांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. आचार्य अत्रे यांचं 'तो मी नव्हेच'.

मराठीत खोटं बोलण्यावरचं याहून मोठं नाटक नाही. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री अशी सोंगं घेऊन त्यानं बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढलं, लोकांना बुडवलं, आणि आता साक्षीदारांमागून साक्षीदार येऊन त्याला ओळखतायत. तो मात्र शांतपणे कानावर हात ठेवतो. वकील त्याचा तोच. माधव काझी नावाच्या खऱ्याखुऱ्या भामट्याच्या खटल्यावरून अत्र्यांनी हे रचलं. 8 ऑक्टोबर 1962 रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झाला, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं, आणि लखोबा व त्याची सगळी सोंगं एकट्या प्रभाकर पणशीकरांनी उभी केली. एका प्रवेशातून दुसऱ्यात जाईपर्यंत माणूस ओळखू येऊ नये इतका बदललेला! मध्ये वेळ जाऊ नये म्हणून फिरता रंगमंच. पणशीकर पुढे जन्मभर हे नाटक करत राहिले.

परदेशातही हा माल पूर्वीपासून चालतो. काका ते ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत. सतराव्या शतकात आलार्कोन नावाच्या नाटककारानं स्पॅनिशमध्ये एका थापाड्या तरुणाचं नाटक लिहिलं. फ्रेंच नाटककार कॉर्नेयनं ते उचलून आपलं 'खोटारडा' लिहिलं, तेव्हा मूळ नाटक लोपे दे वेगाचं आहे अशीच त्याची समजूत होती, कारण ते लोपेच्या नावावर छापलं गेलं होतं. खोट्यावरचं नाटक, तेही खोट्या नावावर! पुढे 1750 मध्ये इटलीच्या गोल्दोनीनं कॉर्नेयवरून आपला खोटारडा बेतला. त्या स्पॅनिश नाटकाच्या शेवटी थापाड्याला नको त्या मुलीशी लग्न करावं लागतं, म्हणजे तिथे लग्न ही खोटं बोलण्याची शिक्षा. अत्र्यांकडे लग्न हाच गुन्हा. "यावरून आपली संस्कृती ओळखावी," असं काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते कुठल्या संस्कृतीबद्दल बोलत होते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

नाटक ठरलं. आता पात्रवाटप. पाच सोंगं आणि एक नट, ही पणशीकरांची कमाल. डभोईत नट पाच होते आणि प्रत्येकाच्या मागे एक आई होती.

"माझ्या मुलाला निदान कॅप्टन तरी द्या. युनिफॉर्म घरचा आहे."

"आमचा दातारच होईल. त्याला गोरं दिसायला पावडर लागत नाही."

"राधेश्याम महाराजांना भजन आहे ना? मग आमचाच. हार्मोनियम शिकतोय."

सेक्रेटरींनी अर्धा चहा पिईपर्यंत तोडगा काढला. प्रत्येक सोंगाला वेगळा मुलगा. कोर्टातला लखोबा एक, दातार दुसरा, परांजपे तिसरा, महाराज चौथा, दाजीशास्त्री पाचवा. आया खूश. कपडे बदलायची घाई नाही. सगळ्यांचे फोटो येणार.

काका उभे राहिले. "अहो, पण मग तो खरंच बोलतोय की!"

"कोण?"

"आरोपी! दातारचं लग्न एका मुलानं केलं आणि कोर्टात दुसराच उभा. तो म्हणणार, तो मी नव्हेच. नाहीचाय तो! यात खोटं काय राहिलं?"

सेक्रेटरींनी थोडा विचार केला. "काका, एवढं कुणी बघत नाही," ते म्हणाले. गावोगावच्या मंडळांची निम्मी कामं या एका वाक्यावर उरकतात.

तालमी सुरू झाल्या. म्हणजे रोज सहा वाजता तालीम आहे असं सगळे म्हणू लागले. लखोबाच्या थापा अत्र्यांनी कष्टानं रचल्या होत्या. तालमीला न येण्याच्या थापा मुलं जागेवर रचत होती, आणि निव्वळ कल्पकतेत मुलं कुठेही कमी नव्हती. कॅप्टनचा पाय मुरगळला होता आणि त्याच संध्याकाळी तो क्रिकेटमध्ये पळून दोन रन काढताना दिसला. सरकारी वकील झालेल्या मुलीच्या ट्यूशनला एकाच आठवड्यात तीन वेळा परीक्षा होती. दाजीशास्त्र्यांची आजी आजारी असल्याचा निरोप खुद्द आजीच घेऊन आल्या. दिग्दर्शन करणाऱ्या ताई फोन करायच्या तेव्हा मुलाच्या मागे टीव्हीचा आवाज यायचा आणि आई सांगायची, "निघालाच, जिन्यात आहे."

संवाद पाठ करायला दिले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. निम्म्या मुलांना देवनागरीपेक्षा गुजराती अक्षरं झरझर वाचता येत होती, म्हणून त्यांनी अत्र्यांचं मराठी गुजराती लिपीत उतरवून घेतलं होतं. न्यायाधीश झालेला मुलगा तर अस्सल गुजराती घरातला. त्याच्या पप्पांकडे काळा कोट आहे एवढ्या भांडवलावर त्याला न्यायासनावर बसवलं होतं. त्याला 'ऑर्डर, ऑर्डर' आणि 'कोर्टाचं काम तहकूब' एवढंच दिलं. तो ते रोज घरी हातोडीनं ठोकून पाठ करायचा.

फिरत्या रंगमंचाशिवाय काका परवानगी द्यायला तयार नव्हते. त्यांची परवानगी कुणी मागितली नव्हती, पण पुस्तक त्यांच्याच हातात होतं. शेवटी सुताराकडून एक गोल लाकडी चौथरा करून घेतला. खाली हातगाडीची चाकं, मध्ये खुंटा, आणि ढकलायला दहावीची चार दांडगी मुलं. अर्ध्या चौथऱ्यावर कोर्ट, अर्ध्यावर लग्नघर, मध्ये चादरीचा पडदा. हसण्यासारखं काही नाही. डभोईला चाकं अंगमेहनतीनं फिरवायची परंपरा आहे. डभोई ते मियागाम ही अडीच फुटी रुळांची गायकवाडी रेल्वे 1862 मध्ये सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत. बरोबर 100 वर्षांनी मराठी रंगभूमीवर 'तो मी नव्हेच'चा रंगमंच फिरला. दोन्ही शोधांचा संगम आता मांडवात होणार होता, फक्त बैलांच्या जागी दहावी होती.

प्रयोगाची वेळ आठ. "बरोबर आठला सुरू करतोय," असं सेक्रेटरींनी आठला जाहीर केलं, मग साडेआठला, मग सव्वानऊला. तिन्ही वेळा आवाजात तोच विश्वास होता. प्रमुख पाहुण्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की ते फार वेळ घेणार नाहीत. मग त्यांनी फार वेळ घेतला. पणशीकरांचा मूळ प्रयोग आपण अनेकदा पाहिल्याचं त्यांनी सांगितलं आणि त्यातला सर्वांत आवडता प्रसंग रंगवून ऐकवला. त्या प्रसंगात एक पुरुष लुगडं नेसून मावशी होतो. काकांनी पुस्तकाची पानं पुढे-मागे केली, मग कपाळाला हात लावला. ते 'मोरूची मावशी' होतं. लेखक तेच, एवढं पाहुण्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

पडदा वर गेला. पहिली पाच मिनिटं टिकच टिक. काकांचा चेहरा उजळला. लखोबा झालेला मुलगा गुणी होता, शब्द स्वच्छ, टोपी तिरकी. मग सरकारी वकिलांनी पूर्वायुष्यात जायची खूण केली आणि दहावीनं चौथरा ढकलला.

चौथरा फिरला, पण अर्धाच. हातगाडीचं एक चाक मांडवाच्या सुतळीत अडकलं. डाव्या बाजूला कोर्ट दिसत होतं, उजव्या बाजूला लग्न. न्यायाधीश फिरत्या भागावर बसले होते, ते हातोडीसकट वळून थेट लग्नघरात पोचले होते. त्यांनी उठायचं नाही अशी ताईंची सक्त ताकीद. ते बसून राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. त्यांनी त्या नवरा-नवरीवर टाकल्या, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "ऑर्डर, ऑर्डर."

लग्न लागलं. मांडवातल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण दातार झालेला मुलगा खरोखरच गोरा दिसत होता.

चाक सुटलं, कोर्ट पुन्हा समोर आलं, साक्षीदार सुनंदा पिंजऱ्यात आली. या मुलीनं महिनाभर रडण्याचा सराव केला होता. तिला ग्लिसरीन लागत नाही याचा तिच्या आईला कोण अभिमान. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्याशी लग्न करणारा दिवाकर दातार या कोर्टात हजर आहे का?"

पुस्तकाप्रमाणे तिनं आरोपीकडे बोट दाखवायचं होतं. मुलगी सरळमार्गी. तिनं कोर्टावरून नजर फिरवली आणि उजव्या विंगेकडे बोट केलं. तिथे दातार बटाटावडा खात उभा होता.

"त्याच्याशी झालं," ती म्हणाली.

विंगेत वडा खाली पडला. वकील मुलीनं दबक्या आवाजात सांगितलं, "अगं याच्याकडे दाखव ना, लखोबाकडे." सुनंदा हेका धरून बसली. "याच्याशी कुठे? हा तर तेव्हा मागे पाणी पीत होता."

"तो मी नव्हेच!" लखोबा ओरडला. त्याला एवढंच ठाऊक होतं की हे वाक्य आलं की टाळी येते. टाळी आलीच, पण पहिल्या चटईवरची सगळी चिल्लीपिल्लीही उठून उभी राहिली. मुलं आरोपीच्या बाजूनं साक्ष द्यायला लागली. "खरं बोलतोय तो! आ नहोतो, पेलो हतो! पेला निळा शर्टवाळो!" एकानं तर विंगेत जाऊन दातारला दंडाला धरून पिंजऱ्यापाशी आणलं. दातार रडवेला झाला. म्हणाला, "मला ताईंनी सांगितलं म्हणून केलं लग्न."

अत्र्यांच्या पुस्तकात सगळी दुनिया खरं बोलते आणि एक माणूस खोटं. डभोईच्या मांडवात आरोपी खरा, फसवलेली बायको खरी, नवराही खरा, आणि सरकारी वकील तेवढी जीव तोडून खोटं पटवू पाहत होती. "हाच तो! हाच दातार!" ती पाय आपटून सांगत होती. प्रेक्षक एका आवाजात म्हणत होते, "नाही, नाही." कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज आणि दाजीशास्त्री आपापल्या प्रवेशांची वाट बघत कंटाळले होते, तेही बाहेर आले. पाचही सोंगं एका ओळीत उभी राहिली. हे दृश्य पणशीकरांनी आयुष्यभरात कधी दाखवलं नव्हतं, त्यांना ते शक्यच नव्हतं. मंडळाचा फोटोग्राफर खुर्चीवर चढला. आयांना हवा होता तोच फोटो.

काकांची लाल पेन्सिल केव्हाच थांबली होती. ते पान शोधत होते. अखेर प्रॉम्प्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं न्यायाधीशांना ढोसलं. हातोडी दणकली. "कोर्टाचं काम तहकूब."

पडदा पडला. सेक्रेटरींनी तत्परतेनं माइक घेतला आणि ताईंनी मुद्दामच प्रायोगिक सादरीकरण केल्याचं जाहीर केलं. ताईंनी मान डोलावली. निघताना दाराशी जो तो ताईंना सांगत होता, "मूळ नाटकापेक्षा छान झालं हो." मूळ नाटक ज्यांनी पाहिलं नव्हतं ते हे अधिक ठामपणे सांगत होते. सुनंदाची आई म्हणाली, "आमचीनं कसं अगदी मनापासून केलं, नाही?" यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मागून आलेल्या वकिलाच्या आईचं तोंड मात्र लाल होतं. अत्रे स्वतः पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत वर्षानुवर्षं मुख्याध्यापक होते, तेव्हा गॅदरिंगनंतर दाराशी काय काय ऐकावं लागतं हे त्यांना नक्कीच माहीत असणार. त्यावर त्यांनी नाटक लिहिलं नाही, एवढाच एक ठपका त्यांच्यावर ठेवता येतो.

स्मरणिकेसाठी 'मूळ संहिता आणि प्रस्तुत प्रयोग' असा तौलनिक लेख काकांकडे होता. त्यांनी सरळ लिहिलं की पहिल्या पाच मिनिटांनंतर प्रयोगाचा पुस्तकाशी संबंध सुटला. छापून आलं ते असं : 'बालकलाकार संहितेत अडकून पडले नाहीत.' "अर्थ तोच आहे ना, काका?" सेक्रेटरींनी विचारलं. काकांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून पाहिली आणि बऱ्याच वेळानं कबूल केलं की लेजर जुळतंय.

बक्षिसाचा प्रश्न राहिला होता. सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस एक, आया पाच, शिवाय सुनंदाची सहावी. कुणालाही दिलं तरी पुढच्या गणपतीची वर्गणी बुडणार. शेवटी निकाल वस्तुनिष्ठ असावा म्हणून काकांचं पुस्तक मागवलं आणि टिका मोजल्या. लखोबाच्या पुष्कळ होत्या, पण त्याच्या पुढे 'च्च'च्या खुणाही तेवढ्याच. सगळ्या पात्रांत एकच असं निघालं की त्याला दिलेला शब्दन् शब्द त्यानं जसाच्या तसा उच्चारला. अक्षतांच्या वेळची 'ऑर्डर, ऑर्डर' तेवढी जागा चुकली होती, पण काकांनी शब्द बघितले, जागा नाही.

स्टीलचा मोठा डबा घेऊन न्यायाधीश घरी निघाले. मम्मी मराठी कार्यक्रम म्हणून उशिरा, बक्षीस समारंभापुरती आली होती. रिक्षात तिनं कौतुकानं विचारलं, "शेनुं नाटक हतुं, बेटा?"

"एक भाई खोवाई गया हता," न्यायाधीश म्हणाले. "कोर्टमां बधां एने ओळखवा आव्यां'तां."

"पछी? मळ्या?"

"ना. छेल्ले बधां वडां खावा जतां रह्यां."